क्लच गेला म्हणतात? मग जुनी प्लेट आधी हातात मागा

गेल्या महिन्यात ब्रेकवर लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी क्लचची. पावसाळ्यानंतर असं होतंच, चार महिने खड्डे आणि ट्रॅफिक, डावा पाय क्लचवरून उठलेलाच नसतो. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत, तेव्हा तो सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न : सर माझी २०१७ ची ऑल्टो ८०० आहे, सीएनजी, ४८ हजार किमी झालेत, रोज गोरेगाव ते बीकेसी. दोन आठवडे झाले फ्लायओव्हर चढताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही, परवा तर जळका वास पण आला. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण सेट टाका, आमचे मिस्टर म्हणतात नुसती प्लेट टाका, बाकी सगळं चांगलं असतं, हे लोक बायकांना बनवतात. मला आधी समजून घ्यायचंय की आत नक्की असतं काय. (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : ताई, हे पान मिस्टरांना पण द्या वाचायला, पण आधी तुम्ही वाचा.

सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा पण इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेरे मारतच असतं, चाकं मात्र थांबलेली. एक फिरतंय, एक थांबलंय, या दोघांना झटका न बसता जोडायचं आणि पाहिजे तेव्हा तोडायचं हे क्लचचं काम. इंजिनाच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील, ते इंजिनाबरोबर कायम फिरतं. त्यावर बोल्टने घट्ट बसवलेली असते प्रेशर प्लेट. आणि या दोघांच्या मधे दाबून धरलेली असते ती क्लच प्लेट. स्वयंपाकघरातलंच घ्या, दोन स्टीलची ताटं आणि मधे एक भाकरी. वरून दाबून धरलं आणि ताटं फिरवली तर भाकरी बरोबर फिरते, दाब सोडला की ताटं फिरत राहतात आणि भाकरी जागेवर. तुमच्या गाडीची प्लेट आकाराने पण साधारण भाकरीएवढीच असते. तिच्या मधल्या भोकाला आतून दाते असतात आणि त्या दात्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो, म्हणजे भाकरी फिरली की गिअरबॉक्स फिरला आणि गिअरबॉक्स फिरला की चाकं.

आता दाबतो कोण, तर प्रेशर प्लेटमधे बशीसारखी एक स्प्रिंग असते, मधोमध पाकळ्यांसारखी कापलेली, मेकॅनिक त्या पाकळ्यांना फिंगर म्हणतात. ही स्प्रिंग कायम दाबूनच ठेवते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा केबल ओढली जाते, केबल फोर्क (आतला काटा) हलवते, फोर्क बेअरिंगला पुढे ढकलतो, हे रिलीज बेअरिंग फिंगरना दाबतं आणि बशी उलटी वाकून प्लेटवरचा दाब काढून घेते. म्हणजे पेडल दाबणं हे सोडवण्यासाठी असतं, पाय काढला की पकड बसते. खूप जणांच्या डोक्यात हे उलटं असतं आणि म्हणून डावा पाय उगाच पेडलवर टेकवून गाडी चालवतात, तेवढ्या वजनाने पण बेअरिंग फिंगरना जाऊन चिकटतं आणि स्प्रिंगचा दाब थोडा थोडा कमी होत राहतो.

गाडी उचलताना प्लेट थोडी घासणारच, त्यासाठीच तिला लाइनिंग असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना घासून झिजणारा थर. प्रश्न अर्ध्या क्लचचा आहे. फ्लायओव्हरच्या चढावर जाम लागलाय, ब्रेक दाबायच्या ऐवजी अर्धा क्लच आणि थोडा रेस देऊन गाडी तरंगत ठेवली, की तेवढा वेळ फ्लायव्हील फिरतंय आणि प्लेट थांबलेली, इंजिनाची सगळी ताकद नुसती उष्णता होऊन त्या भाकरीएवढ्या चकतीत जाते. जळका वास आला तो त्याचाच. सीएनजीवर गाडी थोडी कमी ओढते म्हणून आपण नकळत जास्त रेस देतो आणि क्लच हळू सोडतो, त्यामुळे सीएनजी गाडीची प्लेट लवकर गेली तर मला नवल वाटत नाही. काहींची ३० हजारात जाते काहींची लाखावर चालते, दोन्ही मी बघितल्यात, फरक रस्त्याचा आणि पायाचा.

तुमचं दुखणं ऐकून क्लच घसरतोय हे नक्की वाटतं. पण गाडी उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला साधारण एक ते दोन सेंटीमीटर ते ढिलं जायला पाहिजे, नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. प्लेट झिजत गेली की फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि हा ढिलेपणा कमी कमी होत जातो, शेवटी केबल कायम ताणलेली राहते आणि चांगला क्लच पण घसरायला लागतो. केबलचा नट फिरवून ते ॲडजस्ट करायला दहा मिनिटं लागतात. दोन, मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक ओढा, उजवा पाय ब्रेकवर दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय, इंजिन चालूच राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेली प्लेट पण जाळाल.

ॲडजस्ट करून पण घसरत असेल तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, सेटच टाका. सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. ही तिन्ही बरोबरच झिजतात. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तापून नरम झालेली असते, प्रेशर प्लेटच्या पृष्ठभागावर क्लच प्लेटने घासून चरे पडलेले असतात, आणि बेअरिंगने फिंगरच्या टोकांना खाचा पाडलेल्या असतात. आणि मुख्य म्हणजे यातलं काहीही बदलायचं तर पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सामानाइतकाच खर्च त्या उतरवण्या-चढवण्याचा असतो.

मी स्वतः हे शिकलोय. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या गाडीत दोन्ही प्लेटी नवीन टाकल्या आणि बेअरिंग जुनंच ठेवलं, हातात धरून फिरवलं तर छान गुळगुळीत फिरत होतं म्हणून. पाचव्या महिन्यात खंडाळ्याला चढताना क्लच दाबला की कर्रर्र असा आवाज यायला लागला आणि खोपोलीपर्यंत परत येताना माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्या आवाजावर जास्त होतं. काही शे रुपयांचं बेअरिंग, त्यासाठी गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली आणि लेबर पूर्ण नव्याने. तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं, गिअरबॉक्स एकदाच उतरला पाहिजे आणि उतरलाय तोपर्यंत आतलं सगळं बघून घेतलं पाहिजे.

म्हणून गॅरेजवाल्याला सांगा, गिअरबॉक्स खाली आला की मला फोन करा, मी येते. आणि खरंच जा. जुनी प्लेट हातात घ्या. लाइनिंगमधे पितळेच्या रिव्हेट दिसतील, त्यांच्या डोक्यावर नखाची कड लावून बघा. रिव्हेट खोल असतील तर प्लेटमधे अजून जीव होता, ०.३ ते ०.५ मिलिमीटरच खोल असतील किंवा सपाट झाल्या असतील तर तिचं आयुष्य संपलेलं होतं. लाइनिंग काचेसारखं चकचकीत आणि काळं पडलंय, वास येतोय, तर अर्ध्या क्लचने जळाली. आणि लाइनिंग ओलसर चिकट असेल, तर थांबा, तिथे नवीन सेट टाकून काही होणार नाही, कुठलं तरी ऑइल सील गळतंय, इंजिनाच्या मागचं नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. ते आधी बदलायचं, सील स्वस्त असतं. त्यानंतर फ्लायव्हीलवर बोट फिरवा, निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर लेथवर नेऊन फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या, चिरा खोल असतील तर बदला. फोर्क आणि केबल पण त्याच वेळी बघून घ्या, ताठ झालेल्या केबलने नवीन क्लच पण जड लागतो.

आणि ती जुनी प्लेट घरी घेऊन या. बदलली की नाही याचा दुसरा पुरावा नसतो.

प्रश्न : क्लच सेट स्वतः विकत घेऊन मेकॅनिकला द्यायचा विचार आहे. ऑपेरा हाऊसला घ्यावा की कुर्ल्याला सीएसटी रोडला, कंपनीचा की बाहेरचा, दुकानदार पाच नावं सांगतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. डुप्लिकेट ओळखायचा कसा? गाडी स्विफ्ट. (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : गाडी स्विफ्ट एवढं सांगून दुकानात गेलात तर चुकीचाच सेट मिळायची शक्यता जास्त. पेट्रोल का डिझेल, कुठल्या वर्षाची, कुठलं इंजिन, यावर प्लेटचा व्यास आणि मधल्या दात्यांची संख्या बदलते. नाव सारखं म्हणून फसतात त्याचं चांगलं उदाहरण ऑल्टो, साधी ऑल्टो ८०० घ्या आणि के१० घ्या, इंजिनं वेगळी, क्लच वेगळे. म्हणून आरसी बुकवरचा चॅसिस नंबर घेऊन जा, दुकानदार त्यावरून पार्ट नंबर काढतो. आणि जमलं तर गिअरबॉक्स उतरल्यावर जुनी प्लेट पिशवीत घालून काउंटरवर घेऊन जा. नवीन प्लेट जुनीवर ठेवायची, कड कडेला जुळली पाहिजे, दाते मोजायचे, मधल्या गोल भागाची उंची बघायची. मुंबईत दुकानं एवढी जवळ आहेत की हा एक फेरा परवडतो.

कंपनीचा की बाहेरचा हा प्रश्न लोक मारुती, ह्युंदाई, टाटा असा विचारतात. गाडीवाले क्लच सहसा स्वतः बनवत नाहीत, व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, साक्स असे क्लच बनवणारे वेगळे आहेत आणि गाडीत मुळात बसतो तो यातल्याच कोणाचा तरी. तोच बनवणारा स्वतःच्या डब्यात पण माल विकतो आणि तो गाडीवाल्याच्या डब्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतो. माझं मत विचाराल तर जुन्या प्रेशर प्लेटवर कोणाचं नाव कोरलंय ते वाचा आणि त्याच बनवणाऱ्याचा पूर्ण सेट घ्या. प्लेट एकाची, प्रेशर प्लेट दुसऱ्याची, बेअरिंग तिसऱ्याचं अशी भेळ मी माझ्या गाडीत घालणार नाही.

डुप्लिकेट डब्यावरून ओळखणं आता कठीण झालंय, छपाई हुबेहूब असते. माल बाहेर काढून बघा. खऱ्या प्लेटवर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याची खूण धातूवर ठसठशीत असते आणि डब्यावरच्या नंबराशी जुळते. रिव्हेट सगळ्या एका पातळीत असतात. लाइनिंगची कड सुटी, भुसभुशीत नसते. प्लेट डोळ्यासमोर आडवी धरून बघा, ती सरळ पाहिजे, लाटेसारखी नको. प्लेटच्या मधल्या गोल भागाभोवती छोट्या स्प्रिंगा असतात, त्या हाताने हलल्या, खुळखुळल्या तर परत द्या. प्रेशर प्लेटचे फिंगर सगळे एका उंचीवर आहेत का ते टेबलावर ठेवून बाजूने बघितलं तरी कळतं. मला एका दुकानात असा सेट दिला होता की दोन फिंगर डोळ्याला दिसतील एवढे खाली होते, बसवला असता तर गाडी उचलताना थरथर ठरलेली. मी तिथेच परत केला, पक्कं बिल होतं म्हणून वाद झाला नाही. पक्कं बिल घ्याच, कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात पण नंतर माल कोणी परत घेत नाही.

दोन गोष्टी घेऊ नका. एक म्हणजे जुन्या प्लेटवर नवीन लाइनिंग मारून दिलेला रिकंडिशन माल, त्यात लाइनिंग नवं असतं पण आतल्या स्प्रिंगा जुन्याच, रोजच्या गाडीला नको. दुसरं, हेवी ड्युटी म्हणून विकतात ती बटणाची प्लेट, जिच्यावर सलग लाइनिंगऐवजी बटणासारखे तुकडे असतात. ती जास्त ताकदीच्या इंजिनासाठी असते, एकदम पकडते, साकीनाक्याच्या गर्दीत दर दहा फुटांवर झटका बसेल आणि पेडल दाबून गुडघा दुखेल.

बसवताना मेकॅनिककडे लक्ष द्या. प्लेटवर फ्लायव्हील साइड असं लिहिलेलं असतं, ती बाजू फ्लायव्हीलकडेच. प्लेट मधोमध बसवायला एक दांडका मिळतो, तो वापरला तर गिअरबॉक्स सहज बसतो, नाहीतर गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर टाकून ढकलाढकली करतात आणि नवीन प्लेट वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. दात्यांना ग्रीस अगदी पुसट, थापलं तर उडून लाइनिंगवर जातं. आणि आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, जुन्या लाइनिंगमधे ॲसबेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ त्या पोराच्या छातीत जाते जो दिवसभर तिथे काम करतो. ओल्या फडक्याने पुसली तरी होतं.

प्रश्न : क्लच दाबला की आवाज येतो, सोडला की बंद. माझ्या भावाच्या गाडीत उलटं आहे, सोडलेला असताना आवाज, दाबला की बंद. दोघांनी सेट टाकायचा का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : तुमचं रिलीज बेअरिंग. भावाचं बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, ते गिअरबॉक्सच्या आत असतं आणि क्लच सेट टाकून जाणार नाही. त्याला सांगा आधी गिअर ऑइलची पातळी बघ.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही, ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडने रोज येणं-जाणं. क्लचच्या कामाचा अंदाज घेतला तर एकदम मोठा आकडा सांगितला, त्यात फ्लायव्हील पण लिहिलंय. मित्राच्या गाडीचं काम काही हजारात झालं. मला लुटतायत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लुटतायतच असं नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत साधं फ्लायव्हील नसतं, ड्युअल मास असतं, म्हणजे एकाच्या ऐवजी दोन वजनं आणि त्यांच्या मधे स्प्रिंगा. डिझेल इंजिन हादरे जास्त देतं, ते हादरे त्या स्प्रिंगा खातात आणि गिअरबॉक्स वाचतो. पण त्या स्प्रिंगा पण थकतात, आणि हा पार्ट महाग असतो, क्लच सेटपेक्षा जास्त. मित्राची छोटी पेट्रोल गाडी असेल तर तुलनाच होत नाही.

फक्त तो गेलाय हे तपासल्याशिवाय हो म्हणू नका. गाडी बंद करताना, चालू करताना खालून खडखड होते का, न्यूट्रलमधे नुसती उभी असताना ठणठण होते का, हे तुम्हीच ऐका. गिअरबॉक्स उतरल्यावर फ्लायव्हीलचं बाहेरचं वजन हाताने थोडं मागेपुढे फिरतं, थोडं डुलतं, किती चालतं त्याचं माप बनवणारा देतो. गॅरेजवाल्याला ते माप दाखवून मोजायला सांगा. मापात असेल आणि पृष्ठभाग चांगला असेल तर ठेवा. लेथवर फेसिंग मारून देतो म्हणाला तर यावर ते सहसा चालत नाही.

ते काढून साधं फ्लायव्हील बसवायचा सल्ला पण देतील, स्वस्त पडतं म्हणून. मी देणार नाही, हादरे कुठे जातात, गिअरबॉक्समधेच जातात. आणि तुमच्या गाडीत क्लच ऑइलवर चालत असेल आणि बेअरिंगला ढकलणारा सिलिंडर बेअरिंगबरोबरच गिअरबॉक्सच्या आत असेल तर तो पण याच वेळी बदला, आज गळत नसला तरी. बाहेर असेल तर घाई नाही.

प्रश्न : मी मुद्दाम एएमटी घेतली, क्लचची कटकट नको म्हणून. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं क्लच गेला. पेडलच नाही तर क्लच कुठून आला? (एक वाचक, पवई)

उत्तर : काका, पेडल नाही पण क्लच तोच आहे, तीच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. २०१४ मधे सेलेरिओ आली आणि आपल्याकडे एएमटी घराघरात पोचली, पण विकणाऱ्यांनी ऑटोमॅटिक एवढंच सांगितलं. आत साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्र करतं.

तुमच्या सोसायटीला बेसमेंट पार्किंग आहे का? रॅम्पवर गेट उघडेपर्यंत ब्रेक न दाबता हलका ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवत असाल तर ते यंत्र बिचारं अर्धा क्लच धरून उभं असतं. चढावर थांबलात की ब्रेक किंवा हँडब्रेक. जाममधे पण इंच इंच सरकत राहू नका, पुढे गाडीभर जागा झाली की मग सोडा.

सेट निवडायचं वर सांगितलं तसंच, चॅसिस नंबरवरून. पण बसवल्यावर कॉम्प्युटर लावून क्लच नवीन आहे हे गाडीला शिकवावं लागतं, प्लेट कुठे पकडते ते गाडी नव्याने मोजते. ज्याच्याकडे तो स्कॅनर नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका, मेकॅनिक कितीही चांगला असला तरी.

प्रश्न : वडिलांची प्रीमिअर पद्मिनी आहे, चालवत कमी, ठेवलीय जपून. पावसाळाभर झाकून ठेवली होती, आता चालू होते पण गिअर पडत नाही, क्लच दाबला तरी गाडी ओढते. क्लच सेट मिळत नाही म्हणतात. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ही गाडी सांभाळताय याचा खरंच आनंद झाला. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आता ही गाडी दिसेल ती तुमच्यासारख्यांच्याच घरी.

सेट शोधायची घाई करू नका. समुद्राची हवा आणि चार महिने एका जागी उभी, फ्लायव्हीलवर गंज चढून प्लेट त्याला चिकटलीय असंच वाटतंय. हिंदमाताच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांना पण उभ्या ठेवल्यावर हेच होतं, क्लचच्या घरात पाणी शिरतं आणि नंतर गंजतं. मेकॅनिकला बोलवा, इंजिन नीट गरम करा, बंद करा, मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमधे टाकून, क्लच पूर्ण दाबून, पुढे कोणी नाही बघून, सेल्फ मारायचा आणि हलकेच रेस-ब्रेक करायचा. बरेचदा टक् आवाज येऊन सुटते. गल्लीत, भिंतीसमोर हे करू नका, गाडी उडी मारते. दोन-तीनदा करून नाही सुटली तर जोर लावू नका, लाइनिंग उपटून येईल, मग गिअरबॉक्स उतरवलेलाच बरा.

आणि उतरवलाच तर वर मी जे नको म्हटलं ते तुम्हाला चालेल. जुन्या प्लेटवर नवीन लाइनिंग मारून देणारे कारागीर मुंबईत अजून आहेत, जुन्या गाड्यांच्या मालकांकडे चौकशी केलीत की पत्ता मिळेल. मधल्या स्प्रिंगा घट्ट आहेत आणि प्लेट सरळ आहे एवढं बघून द्या. रविवारी मरीन ड्राइव्हला एक फेरी, एवढ्या वापराला ती प्लेट वर्षानुवर्षं जाईल. पुढच्या पावसाळ्यात मात्र गाडी आठवड्यातून एकदा चालू करा आणि क्लच आठ-दहा वेळा दाबा. जमणार नसेल तर पेडल दाबलेलं राहील अशी एक लाकडी दांडी सीट आणि पेडलच्या मधे लावून ठेवा. फक्त दांडीला लाल फडकं बांधा, म्हणजे गाडी काढताना कोणी विसरणार नाही.